दिशा त्याची, फटका माझा

कल्पेशवर माझा राग आहे. हा राग आता लग्नाच्या वयाचा झाला. मधल्या काळात माझं टाइल्सचं दुकान उभं राहिलं, दुकानामागे गोडाऊन झालं, डोक्यावरचे केस गेले. माझ्याशी भाव करायला येणारे बिल्डर आधी काहीतरी थंड मागवतात आणि मग तोंड उघडतात, इतकं माझं डोकं या भागात प्रसिद्ध झालं. आयुष्यात मी पुष्कळ भांडणं केली आणि पुष्कळ मिटवली, कारण भांडण चालू ठेवून धंदा होत नाही. हे एक मात्र मिटवलेलं नाही. म्हणजे आम्ही बोलतो, एकमेकांच्या घरच्या हळदीला जातो, मटणाच्या पंगतीला शेजारी बसतो. पण दोन-चार घास पोटात गेले की मी विषय काढतोच, आणि माझी बायको आपलं ताट उचलून बायकांच्या पंगतीत जाऊन बसते. तिचं म्हणणं, एका व्हिडिओ गेमवरून दोन जाणती माणसं इतकी वर्षं कशी भांडतात. ती तेव्हा तिथं नव्हती, म्हणून तिला असं वाटतं. तेव्हा एकदा हे सगळं नीट लिहूनच ठेवतो.

आमचं गाव पनवेलहून गाढी नदीचा पूल ओलांडला की लागायचं. आता गाव कुठे संपतं आणि शहर कुठे सुरू होतं हे मलाही सांगता येणार नाही, आणि मी तर तिथल्या निम्म्या बाथरूमना टाइल्स पुरवल्यात. बाबा आधी मिठागरावर होते. मिठागरं गेली तसे ते एका गोदामावर रात्रपाळीचे वॉचमन झाले आणि दिवसा झोपू लागले. त्यामुळे आमच्या घरातले दिवसाचे सगळे आवाज दबके असत. भांडं पडलं तर आई भांड्याकडे असं बघायची की जणू त्याने शिवी दिली. टीव्ही असायचा, पण मुका. आम्ही क्रिकेटची मॅच बघायचो ती नुसती तोंडं हलताना. एकच आवाज कुणाला थांबवता यायचा नाही, तो म्हणजे सकाळी तांदळाच्या भाकऱ्या थापल्याचा. त्या आवाजाने बाबांची झोपही मोडायची नाही. ड्युटीवरून आलेले बाबा तो ऐकतच झोपायचे.

आई पनवेलच्या बाजारात सुकं विकायला बसायची. सुकवलेली मासळी: बोंबील, जवळा, सोडे, मांदेली. करंजाहून पहाटेचा टेम्पो यायचा, त्यातून टोपल्या उतरायच्या आणि ओटीवर माल निवडायचं काम आम्हा पोरांकडे. माझ्या शाळेच्या दप्तराला, वह्यांना, गणपतीत घातलेल्या नव्या शर्टालासुद्धा सुक्याचा वास असे. वर्गातली पोरं नाक धरत. मी एक-दोघांची नाकं फोडली, मग धरेनाशी झाली. बाजारात आईच्या मागे बसून मी जे शिकलो ते पुढे कुठल्या कॉलेजात शिकवलं असतं असं मला वाटत नाही. ती गिऱ्हाइकाला कधीच भाव सांगायची नाही. "बघा तं खरी, हात लावून बघा, मंग बोला," एवढंच. गिऱ्हाईक अडखळत एक आकडा बोलायचं आणि तिथेच ते संपायचं. मला म्हणायची, "रुप्या, पयला भाव आपन बोलायचा नाय. समोरचा बोलंपरत गप ऱ्हायचा. ज्याचा तोंड पयला उघडला, त्यो गेला." मी आजवर याच एका वाक्यावर जगलो. माझ्या दुकानात गल्ल्याच्या वर देवाचा फोटो आहे, पण खरं तर तिथं हे वाक्य लावायला हवं होतं.

कल्पेश माझा आतेभाऊ. माझ्याच वयाचा. आत्या चिरनेरला दिलेली, आणि चिरनेरहून पनवेलच्या कॉलेजात रोज येणं-जाणं जमेना, म्हणून अकरावीला तो आमच्या घरी राहायला आला. एक पत्र्याची पेटी, एक उशी आणि तोंडात सारखं चिरनेर. आमच्याकडे काहीही चांगलं दिसलं की म्हणायचा, "आमच्याकडं यापरीस मोठा हाय." आम्ही हसलो की जंगल सत्याग्रह काढायचा. "आमच्या गावानी इंग्रजाला दम दिला, तवा तुमी मीठ सुकवत होता!" बाबा झोपेतून उठून ओरडायचे, "आरं, तेच मीठ खाऊन दम दिला तुमी!" आणि परत झोपायचे.

भाचा म्हणून आमच्या घरी त्याचा मान मोठा. आमच्यात भाच्याला पायसुद्धा लागू देत नाहीत. तव्यावरची पहिली भाकरी त्याच्या ताटात पडायची, कडक कडेची, फुगलेली. दुसरी बाबांच्या. माझ्या वाट्याला चौथी-पाचवी, तोवर चुलीतला जाळ बसलेला. माल निवडायला तो बसला तर आई त्याला उठवायची, "र्‍हाऊ दे बाला, तू पाहुना हायस." मला वाटायचं काय नशीब आहे लेकाचं. तो मात्र हात झाडत उठायचा आणि ओटीच्या कडेला नुसता उभा राहायचा. मी टोपल्या उचलत असताना तो तिथे उभा असलेला मला अजून दिसतो. तेव्हा त्याकडे मी फार लक्ष दिलं नाही, कारण टोपल्या जड होत्या.

घरात आवाज करायचा नाही म्हटल्यावर दोन सतरा-अठरा वर्षांच्या पोरांनी ओरडायला कुठे जायचं? आम्ही सलीमभाईच्या पार्लरमध्ये जायचो. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक बेकरी होती, तिच्यावर लोखंडी जिना, आणि वर एका लांबट खोलीत संगणक मांडलेले. खालून भट्टीची धग यायची आणि खारीचा वास. पंखा तो वास फक्त या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात न्यायचा. सलीमभाई म्हणजे पन्नाशीचा, सडसडीत, डोक्यावर जाळीची टोपी. स्वतः त्याने कधी एकही गेम खेळल्याचं मी पाहिलं नाही, पण पोरांना काय हवं हे त्याला बरोबर कळे. क्रिकेटचा गेम एका वेळी दोघांनी खेळायचा असतो. सलीमभाईने तो चौघांचा केला. एका बाजूला दोन पोरं, दुसऱ्या बाजूला दोन. बॅटिंग करणाऱ्या दोघांपैकी एकाने फक्त दिशेची बटणं दाबायची, दुसऱ्याने फक्त फटक्याचं. एकाच कीबोर्डवर चार पोरांची आठ कोपरं अडकलेली. एका मशीनवर दुप्पट गिऱ्हाईक! पुढे मी धंद्यात पडलो तेव्हा कितीदा तरी मला सलीमभाई आठवला.

आमच्या जोडीत दिशा कल्पेशची आणि फटका माझा. हे कुणी ठरवलं नव्हतं, ते आमच्या स्वभावानेच ठरलं. बॉलर पळत येताना कल्पेश हळू आवाजात म्हणायचा, "थांब... थांब... लेगला जातंय... आता!" आणि मी बटण असं हाणायचो की सलीमभाई तिकडून ओरडायचा, "अबे रुपेश, कीबोर्ड हाय, सुकट नाय कुटायची!" दोघांचं जमलं की पडद्यावरचा तो एवढासा बॅट्समन एका माणसासारखा खेळायचा. ज्याने असं कधी कुणाबरोबर खेळून पाहिलेलं नाही त्याला ते समजावता येणार नाही. पुढे माझे धंद्यात भागीदार झाले, दोघे झाले आणि दोघेही गेले. तशी जोडी पुन्हा जमली नाही.

त्या गेममधल्या खेळाडूंची नावं मोडकीतोडकी असायची, खऱ्यासारखी पण खरी नाहीत अशी. ती बदलता यायची. आम्ही बसून आमच्या गावच्या टीमची नावं टाकली. आमच्याकडे टेनिस बॉलच्या स्पर्धा म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. गावोगावच्या टीमा, देवीच्या नावाचे टी-शर्ट, बक्षिसाला मोटरसायकल, आणि माईकवर आगरीतून कॉमेंट्री. आमचा विकेटकीपर म्हणजे रिक्षा चालवणारा बाळूदादा, त्याला आम्ही पडद्यावर परदेशी स्टेडियमात उतरवला. पाहिल्यावर तो इतका खूश झाला की आठवडाभर त्याने आम्हाला पुलापर्यंत फुकट सोडलं. मग बाकीच्या गावांच्या पोरांनीही आपापल्या टीमा टाकल्या. गेममधला गोरा म्हातारा इंग्रजीत कॉमेंट्री करायचा. सलीमभाईने त्याचा आवाज बंद केला आणि कल्पेश सुरू झाला, डोळे पडद्यावर, बोटं बटणांवर, तोंड माईकवाल्यासारखं: "नमस्कार मंडली! आनि बाळूदादा आला हाय बॅटिंगला, रिक्षा भाईर लावून, मीटर चालू ठेवून..." बेकरीतली माणसं खालून हसायची.

बारावीच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत सलीमभाईने पार्लरमध्ये स्पर्धा लावली. नियम आमच्याकडच्या मैदानातलेच. आणि मैदानातला सगळ्यात कडक नियम म्हणजे एक गाव, एक टीम. ज्याचं जे गाव त्याने त्याच गावाकडून खेळायचं. बाहेरचा भारी खेळाडू आणून कुणी बक्षीस नेऊ नये म्हणून हा नियम. मैदानात यावरून डोकी फुटतात. गेममध्येही तो आपोआप आला, कुणी आणला असंसुद्धा नाही. आता हसू येतं. पण तेव्हा कुणीही हसलं नाही.

आम्ही फायनलला पोचलो. समोर नदीच्या वरच्या अंगाच्या गावातली दोन भावंडं होती, थोरल्याचं नाव प्रमोद. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. एका कोपऱ्यात सलीमभाईने नुकतंच आणलेलं नवीन मशीन होतं, टीव्हीला जोडलेलं, त्यावर फुटबॉल. तिकडे मी ढुंकून बघत नसे. अर्ध्या चड्ड्या घातलेली माणसं नुसती पळत राहतात, अर्धा-अर्धा तास एकही धाव नाही, तो काय खेळ?

टॉस व्हायच्या आधी प्रमोद उठला. "सलीमभाई, हा कल्प्या चिरनेरचा हाय. चालनार नाय."

"आमच्या घरात ऱ्हातो तो," मी म्हटलं.

"ऱ्हातो. पाहुना म्हनून ऱ्हातो. तुजी आय त्याला पयली भाकरी वाढते, सगल्या बाजाराला म्हायती हाय. घरच्याला कोन पयली भाकरी वाढतो?"

सगळी खोली हसली. मी त्याच्या अंगावर धावणार तोच सलीमभाई मध्ये आला. "रुल म्हणजे रुल, रुपेश. तू बोल, काय करायचं?"

इथे मी डोकं थंड ठेवलं, आणि हे माझ्या आयुष्यात फार वेळा झालेलं नाही. मला कळलं की नियम त्यांच्या बाजूने आहे. कल्पेश काही खेळत नाही. मग जे जाणारच आहे त्याच्या बदल्यात काय मिळवता येईल? मी गप्प बसलो. आईसारखा. प्रमोदला ती शांतता झेपेना. तो म्हणाला, "तुला पायजे तर टॉस तू घे. पन हा नको." त्या गेममध्ये जो नंतर बॅटिंग करील तो निम्मी मॅच जिंकलेला असे. मी म्हटलं, "ठीक हाय. टॉस आमचा. मी एकला खेलतो." दोन्ही भावांचे चेहरे पडले. सौदा उत्तम झाला होता. आजही कुणी मला त्या जागी बसवलं तर मी त्या नियमातून याहून जास्त काढू शकणार नाही.

कल्पेश माझ्या शेजारचं स्टूल सोडून उठला. मला वाटलं मागे उभा राहील, कानात दिशा सांगेल. ते तर नियमात बसत होतं.

एकट्याने दोन माणसांचं काम करताना डावा हात माझा असूनही परका वाटत होता. बॉलिंग कशीबशी झाली. बॅटिंगला आलो आणि पहिल्याच ओव्हरमध्ये मागून आरोळी उठली. "कल्प्या! क्या मारा रे!" मी वळून पाहिलं. तो कोपऱ्यात फुटबॉलच्या मशीनवर बसला होता. हातात त्या मशीनचा बटणांचा रिमोट. मी त्याचे अंगठे बघितले. ते अंगठे नवशिक्याचे नव्हते. न बघता फिरत होते. एवढं व्हायला कित्येक दिवस बसावं लागतं. आणि त्या क्षणी मला आठवलं की गेले कित्येक दिवस तो आईला "मामी, टायपिंगचा क्लास हाय" म्हणून बाहेर पडत होता.

मी आंधळ्यासारखा फटके मारत सुटलो. बाळूदादा बोल्ड झाला, त्याच्यामागून सगळं गाव बोल्ड झालं. तिकडे मागे गोल होत होते आणि पोरं एकेक करून माझ्या फायनलमधून उठून तिकडे जात होती. शेवटची विकेट पडली तेव्हा माझ्या मागे फक्त सलीमभाई उरला होता.

माझं म्हणणं एवढंच. तो उठला तो नियमाने, याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण तो तिकडे त्या दिवशी गेला नाही, तो आधीपासून तिथे होता. माझ्या शेजारी बसून "थांब... थांब..." म्हणत होता तेव्हाही होता. आजही हळदीच्या पंगतीत मी हे म्हणतो, आणि तो रस्सा ओरपत एवढंच विचारतो, "टॉस तर घेतलास ना?" त्यावर सगळे हसतात आणि माझं डोकं सरकतं.

त्या संध्याकाळी आम्ही पुलावरून चालत घरी निघालो, दोन माणसांचं अंतर ठेवून. मधोमध मी थांबलो. "कदीपासून?"

"पावसात कॉलेज बंद होता ना, तवापासून."

"मना का नाय सांगितलास?"

"तू फुटबॉलला काय बोलतंस म्हायती हाय मना."

"काय हाय असा त्या फुटबॉलमदी?"

त्याने कठड्यावरून खाली बघितलं. भरती होती, पाणी उलटं वर चढत होतं. "तितं लाल कपडे घे, निले घे, कंचाबी देश घे," तो म्हणाला. "तितं कोनी गाव इचारत नाय."

मी त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही, त्याची आई माझी आत्या आहे. तेव्हापासून आम्ही बोलणं टाकलं.

एका खोलीत, एका सतरंजीवर झोपून, एका बाटलीतलं तेल डोक्याला लावून न बोलणं हे सोपं काम नाही. त्याला रोज मेहनत लागते. आम्ही दोघंही त्यात हुशार निघालो. निरोप आईमार्फत जायचे. "आये, त्याला सांग साबन संपला." "मामी, त्याला सांग मना दिसतंय." बाबांना दिवसा झोपत असल्यामुळे बरेच दिवस कळलंच नाही. कळलं तेव्हा म्हणाले, "बरा हाय. घरात शांतता हाय." आई मात्र एकदा माल निवडताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "भाव करताना माल आपलाच असला पायजे रे. दुसऱ्याचा माल इकून काय मिलवलास तं त्याला धंदा नाय बोलत." मी म्हटलं, मी काय विकलं? ती म्हणाली, "बोंबील निवड." आणि पहिली भाकरी रोज त्याच्याच ताटात पडत राहिली.

पार्लरमध्ये तर सगळं पालटलं. कल्पेश पोरांना फुटबॉल शिकवू लागला. थंडी संपेपर्यंत सलीमभाईने आणखी दोन टीव्ही आणले आणि संगणक काढून विकले. त्या संगणकांत आमचं सगळं गाव होतं, विकेटकीपर बाळूदादासकट. कुणी घेतले, पुढे त्यांचं काय केलं, कोण जाणे. मी सलीमभाईशी भांडलो. तो म्हणाला, "बेटा, तुझी आई ज्याला गिऱ्हाईक नाय तो माल टोपलीत ठेवते काय?"

मग मी ठरवलं की मी पण शिकणार, आणि कल्पेशला त्याच्याच खेळात सगळ्यांसमोर धुणार. दुपारी तो कॉलेजात असे तेव्हा पार्लर रिकामं असायचं, पंखा नुसता फिरत राहायचा. मी सलीमभाईला म्हटलं, रिकाम्या वेळी बसतो, पण सवलत पाहिजे आणि कुणाला सांगायचं नाही. तो म्हणाला, "सवलत देतो, राज पण ठेवतो. पण बटण हळू दाबायचं." मी क्रिकेटवाला. मला बॉल माझ्याकडे येण्याची वाट बघायची सवय, आणि आला की पूर्ण ताकदीने हाणायचा. फुटबॉलमध्ये वाट बघणाऱ्याचा बॉल कुणीतरी घेऊन जातं आणि पूर्ण ताकदीने मारलेला प्रेक्षकांत जातो. शिवाय क्रिकेटमध्ये दोन बॉलच्या मधे बोलायला जागा असते, शिव्या द्यायला, भाव करायला, खारी खायला. इथे श्वास घ्यायलाही जागा नाही. सगळ्यात वाईट म्हणजे दिशाही माझी आणि फटकाही माझा. कित्येक दुपारी मी त्या कोपऱ्यात घाम गाळत हरलो. आणि खरं सांगायचं तर, कधीतरी एक लांब पास नेमका माझ्याच दुसऱ्या खेळाडूच्या पायात पडला तेव्हा मला पहिल्यांदा त्या खेळाची गंमत कळली. मी वळून शेजारी सांगायला गेलो, आणि शेजारी कुणी नव्हतं.

बारावीचा शेवटचा पेपर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी कल्पेश चिरनेरला परत जाणार होता. पेटी बांधून ओटीवर ठेवली होती. आई त्याला बांधून द्यायला सोडे निवडत होती, चांगले चांगले. दुपारी तो पार्लरमध्ये गेला, पोरांना शेवटचं भेटायला. मी थोड्या वेळाने मागून गेलो. आज नाही तर कधीच नाही. तो जिंकून बसला होता. समोरचा पोरगा उठला, तसा मी जाऊन त्या जागेवर बसलो आणि दुसरा रिमोट उचलला. खोलीत एकदम गलका झाला. "आरे, रुप्या! रुप्या वर्सेस कल्प्या!" सलीमभाई गल्ल्यावरून उठून आला.

त्या गेममध्ये मॅचच्या आधी एक पडदा यायचा. डाव्या बाजूला एक टीम, उजव्या बाजूला दुसरी, आणि मधोमध दोन छोटे रिमोट, एकाखाली एक. बटण डावीकडे दाबलं की आपला रिमोट डावीकडे सरकायचा, उजवीकडे दाबलं की उजवीकडे. वेगवेगळ्या बाजूला गेलं की एकमेकांविरुद्ध, एकाच बाजूला गेलं की दोघं मिळून मशीनविरुद्ध. कल्पेश नेहमी डावी बाजू घ्यायचा. मी उजवी घ्यायची, एवढं ठरलेलं होतं. इतक्या दुपारी मी त्याचीच तयारी केली होती.

त्याने डावी घेतली नाही. त्याचा रिमोट मधोमधच राहिला. मीही दाबलं नाही. त्याने आधी घ्यावी, मग मी. आईचा नियम. तो पण थांबला. तो तरी माझ्याच आईच्या घरात दोन वर्षं राहिला होता. पडद्यावर दोन रिमोट मधोमध लटकलेले, आणि ती गेमची टिंगटिंग पुन्हा पुन्हा तीच वाजतेय. पोरं ओरडायला लागली. "अबे दाबा ना!" "झोपले काय दोघं?" एकाने माझ्या डोक्यात टपली मारली. कल्पेशने पडद्यावरून नजर हलवली नाही. दिवाळीपासून गप्प असलेला माणूस अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं बोलला.

"टॉस तुझा. बोल."

मला सणकन राग आला. रिमोट भिंतीवर फेकावा असं वाटलं. त्याने बरोबर तिथेच बोट ठेवलं होतं. आणि तरी त्याचा आवाज तसा नव्हता. "थांब... थांब..." म्हणायचा तसा होता. मी उजवीकडे दाबलं असतं तर मॅच झाली असती, तो सकाळी गेला असता, आणि न बोलणं चिरनेर ते पनवेल असं लांब झालं असतं. आणि डावीकडे दाबलं, आणि तो उठून उजवीकडे गेला, तर? सगळ्या पार्लरसमोर? ज्याचं तोंड पहिलं उघडलं, तो गेला.

मी डावीकडे दाबलं.

माझा रिमोट सरकून डाव्या बाजूला एकटा जाऊन उभा राहिला. कल्पेशने दाबलं. त्याचा रिमोट उजवीकडे गेला. गलका उठला. माझे कान तापले. मग तो परत मधे आला, हरामखोर, तिथे जरा थांबला, गिऱ्हाईक टोपलीवर रेंगाळतं तसा, आणि मग सावकाश डावीकडे येऊन माझ्या खाली उभा राहिला.

"येऽऽ, चीटिंग!" पोरं ओरडली, त्यांना भांडण बघायचं होतं. सलीमभाई हसत आपल्या खुर्चीकडे गेला. मॅच सुरू झाली. आमची टीम लाल होती, कुठल्या देशाची ते मी वाचलंही नाही. फुटबॉलच्या कोपऱ्यात कल्पेश कधी कॉमेंट्री करत नसे, तिथे वेळच नसतो. बॉल माझ्या पायात आला. शेजारून घसा खाकरल्याचा आवाज झाला.

"नमस्कार मंडली! डाव्या अंगाला दोन पोरं खेलतान. गाव इचारू नका, गेम बघा..."

मी पूर्ण ताकदीने बटण हाणलं. बॉल प्रेक्षकांत गेला.

"आरं, दिशा!" कल्पेश किंचाळला. "दिशा कोन बघनार, माजा मामा?"